आमच्याकडे किमोनो उसवून मिळतील

जपानमध्ये राहायला येणाऱ्या परक्या माणसाच्या हातात वॉर्ड ऑफिसवाले माहितीपुस्तिकांचा एक गठ्ठा ठेवतात. भूकंप झाला तर टेबलाखाली कसं शिरायचं, कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा, सायकल कुठे लावायची नाही, सगळं त्यात चित्रांसकट असतं. एकच इशारा कुणी छापत नाही. शेजारच्या आजींसमोर 'किमोनो काय सुंदर असतो!' असं चुकूनही म्हणू नये.

माझी बायको म्हणाली. तेही लिफ्टमध्ये. हवेबद्दल बोलून झालं होतं आणि तळमजला अजून यायचा होता, म्हणून.

"खरंच आवडतो?" आजींनी विचारलं आणि त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली. बायकोला ती कौतुकाची वाटली. ती सुटकेची होती.

संध्याकाळी बेल वाजली. दारात आजी, त्यांच्या मागे सामानाची ढकलगाडी आणि ढकलगाडीवर पांढऱ्या तातोशी कागदातली लांबट, चपटी पुडकी. कागदाच्या बारीक दोऱ्यांनी बांधलेली. कापूर आणि डांबरगोळ्यांचा वास त्यांच्या आधी घरात शिरून सोफ्यावर बसला होता.

"वापरा, कापा, काय वाटेल ते करा," आजी कमरेत वाकून म्हणाल्या. "फक्त परत आणू नका." शेवटचं वाक्य इतक्या आदबशीर जपानीत होतं, की बायकोने ते आशीर्वाद म्हणून स्वीकारलं.

आम्ही तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला राहतो. इथे भारतीय एवढे, की मेट्रोत मराठीतून कुणाची निंदा करायची सोय उरलेली नाही. त्यामुळे 'किमोनो कुणाच्या गळ्यात मारता येईल' याचा विचार करणाऱ्या आजींना या भागात गिऱ्हाईक भरपूर. जपानी शेजारी असल्या भेटीला हसतमुखाने नकार देतात, कारण त्यांच्या स्वतःच्या आईचं कपाट अजून रिकामं व्हायचं असतं. आजींच्या पिढीत मुलीच्या रुखवतात किरी नावाच्या हलक्या लाकडाचं एक कपाट जायचं आणि ते किमोनोंनी भरलेलं असायचं. भेटीगाठींचा वेगळा, चहाच्या विधीचा वेगळा, नातेवाइकांच्या लग्नाला घालायचा काळा नक्षीदार तोमेसोदे वेगळा. शिवाय कोरा काळा मोफुकु, म्हणजे अंत्यविधीचा. लेकीच्या लग्नातच तिच्या सुतकाची तयारी करून ठेवायची, ही दूरदृष्टी मी अन्य कुठे पाहिली नाही.

पुढे झालं असं, की सासर आलं, कपाट आलं, पण नेसायचे प्रसंगच आले नाहीत. किमोनो नेसायला अर्धा तास, एक मदतनीस आणि श्वास घेण्याची हौस नसणं, एवढ्या गोष्टी लागतात. मुलीने स्कर्ट घातला, नातीने जीन्स घातली, आणि कपाटाने आजींच्या बेडरूमची एक भिंत घातली. विकायला जावं तर दुकानदार वजनावर भाव सांगतो. मध्यंतरी 'जुने किमोनो विकत घेतो' म्हणत दारोदार फिरणारी मंडळी निघाली होती. ती किमोनोकडे बघायची कमी आणि म्हातारीच्या बोटातल्या अंगठीकडे जास्त. शेवटी 2013 साली त्याविरुद्ध कायदा लागू झाला. न बोलावता दारात येऊन खरेदीची बोलणी करायची नाहीत, आणि विकणाऱ्याला आठ दिवसांत आपली वस्तू परत मागता येते. न बोलावता दारात येऊन फुकट देणाऱ्यांबद्दल कायद्यात काहीच नाही. मी शोधलं.

बायकोने सगळी पुडकी जमिनीवर उलगडली आणि म्हणाली, "रिमेक करू."

जपानमध्ये 'किमोनो रिमेक' हा एक स्वतंत्र धर्म आहे. पुस्तकांच्या दुकानात त्याचं वेगळं कपाट असतं. प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांची एक सडपातळ बाई निळ्या रेशमी ट्यूनिकमध्ये खिडकीशी उभी असते आणि आत लिहिलेलं असतं, की सगळं सरळ शिवणीत होतं, कुणालाही जमतं, दुपारभरात होतं. त्या बाईला नवरा आहे की नाही ते कुठेच लिहिलेलं नसतं. पण असणार. तो दुसऱ्या खोलीत उसवत बसलेला असणार.

कारण रिमेकची पहिली पायरी उसवणं, आणि आमच्या घरात श्रमविभागणी फार झटकन झाली. "कल्पक काम माझं," बायको म्हणाली, "आणि तांत्रिक काम तुझं. तू इंजिनियर आहेस ना?" मग तिने माझ्या हातात टाके उसवायची ती दुतोंडी चिमुकली सुरी ठेवली.

खरं सांगायचं तर किमोनोची रचना बघून माझ्यातला इंजिनियर थोडा हळवा झाला. साधारण 38 सेंटिमीटर पन्ह्याचा आणि 12 मीटर लांबीचा एक ताका. त्याचे आठ सरळसोट तुकडे. पाठपोटाच्या दोन लांब पट्ट्या, दोन बाह्या, पुढून जोडायच्या दोन अरुंद पट्ट्या, एक गळपट्टी आणि ती मळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक. मुंढा नाही, गोलाई नाही, गळ्यापाशी नुसती एक चीर. बाई बुटकी असो की उंच, जास्तीचं कापड कापायचं नाही, आत दुमडून ठेवायचं. सगळे तुकडे उसवून पुन्हा टोकाला टोक जोडले की परत ताका तयार. पूर्वी किमोनो धुवायचा म्हणजे असाच. उसवायचा, ताका करायचा, धुवायचा, फळीवर चिकटवून किंवा बांबूच्या काड्यांनी ताणून वाळवायचा आणि पुन्हा शिवायचा. याला अराइ-हारी म्हणतात. म्हणजे ज्या बाईने किमोनो शिवला, तिला तो उद्या कुणीतरी उसवणार हे ठाऊक होतं.

तो 'कुणीतरी' मी निघेन, हे तिला ठाऊक नसावं. नाहीतर तिने टाके एवढे बारीक घातले नसते. रेशमी धाग्याचा रेशमी कापडावर घातलेला, त्याच रंगाचा टाका दिसत नाही, तो जाणवावा लागतो. सुरीचं टोक जरा वाकडं गेलं की टाका शाबूत राहतो आणि कापड उसवतं. मी रात्री जेवण झाल्यावर बसायचो. ऑफिसच्या मीटिंगांमध्ये, कॅमेरा बंद करून, उसवायचो. आमच्या प्रकल्पात त्या काळात मी एकही आक्षेप घेतला नाही, असा माझ्या वार्षिक मूल्यमापनात गौरवाने उल्लेख झाला आहे.

उसवणाऱ्याला काही अंदरकी बात कळते. आजींच्या दिवंगत यजमानांचा हाओरी, म्हणजे किमोनोवर घालायचा आखूड डगला, माझ्याकडे आला. बाहेरून काळा, गंभीर, बँकेच्या मॅनेजरला शोभणारा. अस्तर उलटं केलं तर आत पाठभर पसरलेला पिवळाजर्द वाघ, बांबूच्या बनात जबडा वासून. ही जुनी खोड. एदो काळात सरकार व्यापाऱ्यांच्या भपक्यावर निर्बंध घालायचं, म्हणून व्यापारी बाहेरून साधे राहायचे आणि पैसा अस्तरावर उधळायचे. निर्बंध गेले, खोड राहिली. मी अस्तर आजींना दाखवायला नेलं. त्या बराच वेळ वाघाकडे बघत राहिल्या.

"तरीच," त्या म्हणाल्या, "हा एकच डगला ते लाँड्रीत स्वतः नेऊन द्यायचे."

बायकोने पुढे त्या वाघाची माझ्यासाठी लॅपटॉपची पिशवी केली. तोझाई मेट्रोची सकाळची गर्दी जपानभर बदनाम आहे. तिथे माणसं एकमेकांच्या बरगड्यांत उभी असतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. वाघ आल्यापासून माझ्याभोवती बोटभर जागा असते. वाघाला घाबरून नव्हे. असली पिशवी घेऊन कामावर जाणारा माणूस पुढे काय करेल याची खात्री देता येत नाही म्हणून.

दुसरी पायरी धुणं. पुस्तकात त्याला अर्धं पान दिलं आहे. माझ्या मते त्यावर विश्वकोश निघायला हवा. चिरिमेन नावाचं एक खरबरीत, सुंदर पडणारं रेशीम असतं. त्याच्या आडव्या धाग्यांना भरपूर पीळ दिलेला असतो आणि तो पीळ पाण्याची वाट बघत असतो. बायकोने फिकट जांभळ्या चिरिमेनचा उलगडलेला तुकडा कोमट पाण्यात टाकला आणि आमच्या डोळ्यांदेखत तो विस्तवावरच्या पापडासारखा आक्रसत गेला. ज्याचा ट्यूनिक व्हायचा होता, त्याचा बाहुलीचा ट्यूनिक झाला असता. आम्हाला बाहुली नाही.

"चश्म्याची पिशवी होईल," बायको म्हणाली. लक्षात घ्या, 'पिशवी' हा शब्द आमच्या घरात इथे पहिल्यांदा उच्चारला गेला.

चिरिमेन निदान स्वतःपुरतं आक्रसतं. जुन्या किमोनोंचं लाल अस्तर सामाजिक वृत्तीचं असतं. मोमी म्हणतात त्याला. तलम रेशमाला आधी हळदीसारखा पिवळा हात द्यायचा आणि मग त्यावर करडईच्या फुलांचा लाल चढवायचा. कित्येक वर्षं अंधाऱ्या कपाटात राहिलेला हा लाल पाणी बघताच मोकळा होतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटायला निघतो. त्या दिवशी शेजारी माझे ऑफिसचे पांढरे शर्ट होते. "नैसर्गिक रंग आहेत," बायको म्हणाली, "त्वचेला चांगले." मी पुढचा आठवडा फिकट गुलाबी वावरलो. साहेबांनी चौकशी केली नाही. फक्त कॅलेंडर बघून म्हणाले, "यंदा साकुराचा बहर लवकर आला."

वॉर्डाच्या सभागृहात रिमेकचा वर्ग भरतो. बायको जायला लागली, आणि उसवलेलं कापड वाहून न्यायला मीही. सेन्सेई ऐंशीच्या घरातल्या, हातात टेप नाही, एक जुनी बांबूची पट्टी. ती शाकुची, म्हणजे जुन्या जपानी मापाची. इथे गोम अशी, की सुताराचा शाकु 30.3 सेंटिमीटरचा आणि कापडाचा शाकु, ज्याला देवमाशाचा शाकु म्हणतात, तो 37.9 सेंटिमीटरचा. सरकारने मेट्रिक पद्धत आणून दोन्ही शाकु व्यवहारातून हद्दपार केले तेव्हा 'सुकियाकी' नावाने जगभर गाजलेल्या गाण्याचे गीतकार एइ रोकुसुके यांनी 1970 च्या दशकात त्याविरुद्ध मोहीमच उघडली होती. कारागिराला शाकुची पट्टी विकत मिळेना, हे त्यांना सहन होईना. सेन्सेईंची पट्टी बहुधा त्या लढाईतून वाचलेली. त्या सांगायच्या शाकुत, बायको लिहून घ्यायची सेंटिमीटरमध्ये, आणि घरी मी इंटरनेटवर शाकुचे सेंटिमीटर करून तिला तपासून द्यायचो. इंटरनेटला सुतार जास्त परिचयाचा. त्या आठवड्यात शिवलेल्या ट्यूनिकमध्ये डोकं जाईना.

"पिशवी म्हणून छान आहे," सेन्सेई म्हणाल्या.

बायकोच्या स्वतःच्या कपड्याचं धाडस एकदाच पूर्ण झालं. निळ्या-लाल मेइसेनचा, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीच्या तरुण पोरी मिरवायच्या त्या भडक नक्षीच्या रेशमाचा, बायकोने एकावर एक पदर येणारा ब्लाउज शिवला. नमुना साध्या पाश्चात्त्य ब्लाउजचा घेतला. त्यात बायकांचा उजवा पदर वर येतो. ती तो घालून स्टेशनवर उभी राहिली आणि पाचव्या मिनिटाला किमोनो पोलीस आले.

हे खातं सरकारी नाही. रस्त्यात अनोळखी पोरींचा ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा, ओढून सरळ करणाऱ्या, गळपट्टी चुकली म्हणून हळहळणाऱ्या काकू-आज्यांना जपानी तरुण मंडळींनी दिलेलं हे नाव आहे. एक करड्या टोपीतल्या काकू आल्या, दोनदा वाकल्या, तीनदा क्षमा मागितली आणि म्हणाल्या, "आपण... म्हणजे... हयात आहात ना?"

किमोनोत डावा पदर वर. स्त्री असो, पुरुष असो, इ.स. 719 च्या राजाज्ञेपासून हा नियम. उजवा पदर वर फक्त प्रेताला नेसवतात. बायको निशी-कासाईच्या फलाटावर आपल्या अंत्ययात्रेच्या पोशाखात उभी होती. "हा ब्लाउज आहे हो," ती म्हणाली. "हो, ब्लाउजच आहे," काकू म्हणाल्या, आणि हयात असलेल्या माणसाला शोभेल असा पदर तिच्या अंगावर उलटा लपेटून त्यांनी आपली सेफ्टी पिन लावून दिली. बंद उलट्या बाजूला, त्यामुळे सगळा ब्लाउज वाकडा झाला. गाडी आली तेव्हा बायको जिवंत होती, पण एक खांदा वर होता.

मी स्वतः एकदाच रिमेक नेसलो आहे. आजींच्या मोफुकुचं काळं रेशीम इतकं गडद आणि जड होतं, की बायकोला माझा शर्ट सुचला. मोफुकुवर कुळाचं चिन्ह पाच ठिकाणी असतं. दोन छातीवर, दोन बाह्यांच्या मागे, एक पाठीवर मानेखाली. कापड बेतताना ती चिन्हं चुकवायची म्हटलं तर शर्ट माझ्या भाच्याला झाला असता. तेव्हा पाठीवरचं चिन्ह तसंच ठेवून मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभाला गेलो. तीन ओकच्या पानांचं ते वर्तुळ बघून हॉटेलचा म्हातारा मालक अदबीने जवळ आला. "कुठल्या गावचं घराणं?" मी म्हटलं, "चाळीसगाव." तो विचारात पडला. ज्याचा निरोपसमारंभ होता तो सहकारी माझ्यापासून लांबच बसला होता. काळा, चिन्हांकित शर्ट घालून आपल्या निरोपाला आलेल्या माणसाशेजारी बसायला कुणालाही जड जाणार.

वर्गात मला एक गोष्ट हळूहळू दिसायला लागली. कापड वाचलं पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत आहे, आणि कात्री कुणी घ्यायची यावर कुणाचंच नाही. एकदा कुणाच्या तरी पुडक्यातून ओशिमा त्सुमुगी निघालं. अमामी ओशिमा बेटावरचं. विणायच्या आधी सूत झाडाच्या काढ्यात आणि मग लोहयुक्त चिखलात, पुन्हा काढ्यात, पुन्हा चिखलात, असं कितीतरी वेळा बुडवतात, तेव्हा तो काळसर तपकिरी रंग येतो. एका ताक्याला महिनोन् महिने लागतात. सेन्सेईंनी ते टेबलावर पसरलं. सगळ्या बायका उभ्या राहिल्या. कुणीतरी 'याची बॅग' असं म्हणायला सुरुवात केली आणि वाक्य गिळलं. मग सगळ्यांनी मिळून ते घडी घातलं, तातोशीत बांधलं, आणि जिने आणलं तिलाच परत दिलं. ती रडकुंडीला आली होती. ते कपाटातून बाहेर काढण्यासाठीच तर तिने वर्ग लावला होता.

म्हणजे हिशेब असा : चांगला किमोनो कापवत नाही म्हणून कपाटात जातो. वाईट किमोनो कापला जातो, पण त्याचं काही चांगलं होत नाही. मधला जो असतो, त्याची पिशवी होते.

मी हे आजींना सांगितलं तेव्हा त्या खो-खो हसल्या. "आमच्या आईने एवढा विचार केला नव्हता," त्या म्हणाल्या. युद्धात सरकारनेच बायकांना मोम्पे, म्हणजे पायाशी आवळलेल्या ढगळ विजारी घालायला लावल्या. आजींच्या आईने आपल्या तरुणपणच्या किमोनोची विजार केली आणि ती घालून बागेत भोपळे लावले. युद्ध संपल्यावर अन्न मिळेना, तेव्हा शहरातली माणसं पाठीवर किमोनो बांधून आगगाडीने खेड्यात जायची आणि शेतकऱ्याला किमोनो देऊन तांदूळ-रताळी आणायची. "माझ्या आईचा लग्नातला किमोनो मी खाल्ला आहे," आजी म्हणाल्या. "रताळ्यांबरोबर. तुम्ही निवांत कापा." आणि त्याच दमात, "माझ्या बहिणीकडेही बरेच आहेत. फोन करू?"

पिशवीचं एक बरं असतं. ती कुणालाही होते. तिला मुंढा लागत नाही, छाती लागत नाही, तिच्या पदरावर पोलीस येत नाहीत. सेन्सेईंनी शिकवलेली पहिली पिशवी आझुमा-बुकुरो. लांबट पट्टीला दोन घड्या, दोन शिवणी, टोकांना गाठ, झाली. मग दोरीचा बटवा, ओबीची टोट, पाण्याच्या बाटलीची पिशवी, छत्रीची पिशवी, टिश्यूपेपरची पिशवी आणि पिशव्या ठेवायची पिशवी. उरलेल्या चिंध्यांची केसांची रबरं. एदो काळात म्हणे किमोनोचा लहान मुलाचा झगा व्हायचा, झग्याचे लंगोट, लंगोटाचं फडकं, फडकं चुलीत आणि त्याची राखसुद्धा विकत घेणारे फेरीवाले होते. आमच्याकडे साखळी पिशवीशी येऊन थांबली आहे. पिशवीची राख करायला कुणाचा हात होत नाही, कारण तिला चेन लावलेली असते आणि चेन महाग असते.

चेन, फ्यूजिंग, लेदरचे बंद, अस्तर, सगळं निप्पोरीच्या कापडबाजारातून येतं. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापडाची दुकानंच दुकानं. जुनं फुकटचं कापड वाचवण्यासाठी आम्ही तिथे जे नवं कापड घेतलं, त्याचा आता वेगळा गठ्ठा आहे. जुलै 2020 पासून जपानी दुकानात प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात. ते चार-पाच येन वाचवायला बायको जरीच्या ओबीची टोट घेऊन भाजी आणायला जाते. ओबी म्हणजे तीस सेंटिमीटर रुंद, चार मीटरच्या वर लांब, सोनेरी धाग्याने विणलेला जाडजूड पट्टा. त्याची पिशवी रिकामीच इतकी जड, की आत फार तर एक मुळा मावेल एवढी ताकद हातात उरते. जरीने टोमॅटोला ओरखडे पडतात. मुळ्याचं पाणी ठिबकलं तर पिशवी धुता येत नाही, ड्रायक्लीनिंगला द्यावी लागते. ड्रायक्लीनरने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिली.

पिशव्या खपवायला आम्ही सेतागायाच्या बोरोइचीत जाऊन बघितलं. 1578 सालापासूनची ही जत्रा. डिसेंबर आणि जानेवारीच्या 15 आणि 16 तारखेला भरते. बोरो म्हणजे चिंध्या. शेतकरी कामाचे कपडे ठिगळायला आणि गवताच्या चपलांत विणायला इथून चिंध्या न्यायचे. तिथे रस्त्याच्या कडेला किमोनोंचे ढीग पडले होते. कुठलाही घ्या, पाचशे येन. आमच्या चेनपेक्षा स्वस्त. बायको ढिगाशी थांबली. मी तिचा हात ओढला. मग ढिगात मला एक पुरुषाचा हाओरी दिसला आणि त्याचं अस्तर बघितल्याशिवाय मला पाय उचलवेना. (जहाज होतं. तीन डोलकाठ्यांचं, लाटांसकट.)

अशात सोलापूरहून सासूबाई आल्या. सोलापूरची बाई आणि कापड, त्यात मध्ये कुणी बोलायचं नसतं. त्यांनी चिमटीत धरून प्रत्येक तुकड्याची वीण पाहिली, मोमीची गोष्ट ऐकून "करडईचा रंग? आम्ही भाजी करतो की तिची!" म्हणाल्या, आणि पिशव्यांच्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "आमच्याकडं पैठणीच्या पर्सा निघाल्यात, तसंच हे. दहा हजाराची साडी कापायची, पाचशेची पर्स करायची आणि तिच्यात वीस रुपये ठेवून भाजीला जायचं."

पण त्यांना खरी खटकली ती फुकटेगिरी. "एवढं कापड दिलं त्यांनी, तुम्ही काय दिलं?" त्यांच्या हिशेबात जुनं कापड आणि भांडं यांचं नातं पक्कं. बोहारणीने घडवलेलं. त्यांनी स्वयंपाकघरातला स्टीलचा मोठा डबा उचलला, घासून लखलखीत केला आणि आजींच्या दारात नेऊन दिला. एकमेकींच्या भाषेचा एक शब्द कुणाला येत नव्हता, पण दोघी अर्धा तास बोलत होत्या.

इथे दोन संस्कृतींची गाठ पडली. जपानी रीतीप्रमाणे भेट मिळाली की परतभेट, ओकाएशी, दिल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी हजर. हातात दोन किमोनो. सासूबाई म्हणाल्या, "दोन? मग घागर द्यावी लागंल." मग कळशी गेली, कळशीचा ओबी आला. पुरणयंत्र गेलं, त्याचा मृत यजमानांच्या भावाचा डगला आला. आजींच्या बहिणीलाही बातमी लागली. तिला परात हवी होती. मी मध्ये पडायचा प्रयत्न केला. "आई, हे थांबणार नाही." त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही उसवा."

आता आमच्याकडे पोहे ठेवायला डबा नाही. पोहे ओबीच्या बटव्यात आहेत. आजींच्या बेडरूममधली भिंत मात्र मोकळी झाली आहे आणि तिथे फडताळावर आमची सगळी भांडी झळकताहेत. त्यांच्या मैत्रिणी ती बघायला येतात.

सासूबाई परतताना पिशव्या घेऊन गेल्या. प्रत्येक पिशवीत पिशवी. विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा त्यांनी सामानातून स्वतःच्या साड्या काढून माझ्या हातात दिल्या. "वापरा," त्या म्हणाल्या. मोरपंखी रंगावर सोनेरी बगळे असलेला एक आख्खा ओबी मात्र त्यांनी जपून नेला. त्यांना त्या रंगाच्या साडीवर ब्लाउज शिवायचा होता.

परवा सोलापूरहून व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या नेहमीच्या शिंप्याच्या दुकानातून. मागे मशीन खडखडत होतं, शिंप्याच्या गळ्यात टेप, हातात आमचे बगळे.

"साहेब, कापड एकलंबर हाय," तो म्हणाला. "पण पन्हा कमी पडायलंय की. पाठ होतीय, पुढं येईना. बाह्यांचं तर नावच नको."

"मग काय करता येईल?"

त्याने ओबी टेबलावर पसरला, एक घडी घातली, दुसरी घडी घातली, टेपने मापलं आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

"पिशवी होतीय झकास. चेन लावू का?"